साताची मेणबत्ती

नोव्हेंबरच्या तीस तारखेला मी फ्रिज रिकामा करते,
बर्फ खरवडते, लोणच्याची बरणी दारात ढकलते
आणि श्रीपादला सांगते, आता महिनाभर
माझ्याशी पैशांचं बोलू नकोस.

आमच्याकडे माणसं डिसेंबरातच जन्मतात.
मार्चअखेरीच्या धांदलीत कुणाचं लक्ष नसतं ना,
असं कुमुदमावशी म्हणते,
आणि लग्न न केल्यामुळे तिला हे बोलायची मुभा आहे.

चार तारखेला नीरव सात वर्षांचा झाला.
नेमका गुरुवार, त्यात दत्तजयंती.
पाटावर महालक्ष्मीचा कलश, नारळाला मुखवटा, नथ,
शेजारी केक, बिनअंड्याचा, त्यावर डायनासोर.
नीरवनं वाकून देवीला विचारलं, हिरवा चालेल ना?
सुंठवडा आणि वेफर्स एकाच कागदी प्लेटीत.
साताची मेणबत्ती अर्ध्या मिनिटात विझली.
मी तिचं क्रीम पुसलं, ड्रॉवरमध्ये ठेवली.
वीस रुपयांची वस्तू, एवढ्यात टाकायची?

सतराला श्रीपाद सत्तेचाळीस.
सात होता. चार आणला माथारपाखाडीतून, लोबोंकडून,
त्यांच्या नातीचा, सप्टेंबरातला,
बुडाशी अजून गुलाबी आयसिंग.
कुठल्याशा कंटेनरचे कागद अडकले म्हणून
हा घरी आला अकराला.
मग फोटो नीट येईना, मग कुणीतरी डोळे मिटलेले,
तोवर सात जळत राहिला
आणि त्याचा वरचा दांडा वितळून गेला.

मध्येच डोंबिवलीच्या जाऊबाईंचा वाढदिवस.
मी मोबाइलवर केक पाठवला,
त्यांनी मोबाइलवरच खाल्ला.

पंचवीसला लोबोंकडे जेवण.
"मार्गशीर्ष सरला ना गं?" विचारून मगच
फ्लोरीआंटीनं सोरपोतेलवरचं झाकण काढलं.
नीरवनं दोन्ही खिसे भरून कलकल आणले.
दोन दिवसांनी ते वॉशिंग मशीनमधून निघाले,
तरी कडक.

आणि एकतीसला कुमुदमावशी.
चौतीस वर्षं पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात,
दुसऱ्यांच्या बेरजा लाल शाईनं दुरुस्त करणारी.
तिची तारीख आम्हाला पाठ होती,
पण केकवर दर वर्षी 'हॅपी न्यू इयर'.
एका केकमध्ये दोन्ही भागतं,
असं माझी आई म्हणायची,
नंतर मीही म्हणू लागले.
मावशी पहिला तुकडा घ्यायची
आणि आम्हालाच शुभेच्छा द्यायची.

यंदा नीरवनं अक्षरं लावून वाचलं.
म्हणाला, हा तर वर्षाचा केक आहे,
मावशीआजीचा कुठंय?

कुणीच काही बोललं नाही.
मी ड्रॉवर उघडला. रबरबँड, रेशनकार्ड, बटणं,
आणि तळाशी चार. आणि सात.
चौऱ्याहत्तर.
नशीब म्हणायचं, एवढे दोनच आकडे होते घरात.

पण दांड्याविना सात आता एकासारखा दिसत होता.
केकवर चौदा उभे राहिले.
मावशीनं चष्मा लावला, वाकून आकडे बघितले,
जशी व्हाउचरं बघायची.
मला वाटलं, आता लाल शाई.

"बरोबर आहे," ती म्हणाली.
"चौदाव्या वर्षी हट्ट धरला होता मी,
इराण्याच्या काचेतल्या पेस्ट्रीचा.
बाबा म्हणाले, उद्या नवीन वर्ष आहे,
उद्या बघू."

तेवढ्यात बारा वाजले
आणि बंदरातल्या सगळ्या बोटींनी भोंगे दिले,
जाडे, लांब, एकात एक मिसळलेले,
खिडकीच्या काचा थरथरल्या,
खालच्या गल्लीत कुत्री रडू लागली.
नीरव कानांवर हात ठेवून ओरडला,
फुंक ना गं मावशीआजी!

"थांब रे," ती म्हणाली, "त्यांचं होऊ दे."

मेण ओघळून 'न्यू'वर पडलं, मग 'इयर'वर.

रात्री दीडला मी भांडी घासली.
सात हातात घेतला, करंगळीएवढा उरलेला,
कचऱ्याच्या डब्यापर्यंत नेला
आणि मनातल्या मनात हिशेब केला:
पुढच्या डिसेंबरात नीरव आठ,
श्रीपाद अठ्ठेचाळीस,
मावशी पंच्याहत्तर.

सात लागेल.